कठीण झालेली ऊती आणि कर्करोग

कर्करोगाची गाठ बहुधा हाताला कठीण लागते, हे आपण ऐकलेले असते. परंतु हा कठीणपणा केवळ रोगाचे लक्षण नसून तो रोगाला बळही देतो, असे संशोधनाने दाखविले आहे. आम्ही कलाशाखेचे पदवीधर, बँकेतील कारकून; तरी जे समजले ते सोप्या भाषेत मांडीत आहोत.

तोरणमाळच्या यशवंत तलावाकाठी चिखलात पाय रुततो, जोर लावता येत नाही. खडकावर मात्र पाय रोवून ओझे ओढता येते. शरीरातील पेशीचेही तसेच आहे. ती भोवतालच्या तंतूंना धरून सतत ओढून पाहते. भोवताल कठीण झाला की तिला पक्की पकड मिळते, ती अधिक जोराने ओढते आणि वाढण्याचे, पसरण्याचे इशारे तिच्या आत जातात. २००५ साली अमेरिकेतील डॉ. व्हॅलरी वीव्हर यांच्या गटाने स्तनाच्या पेशी मऊ व कठीण जेलीत वाढविल्या. मऊ जेलीत त्यांचे नीटनेटके गोल पुंजके झाले. कठीण जेलीत ती रचना विस्कटली.

आपल्याकडे याचे उदाहरण तोंडातच सापडते. सुपारीतील अरेकोलीनमुळे गालाच्या आत कोलॅजेनचे तंतू वाढतात. सुपारीतील तांबे हे तंतू एकमेकांस घट्ट जोडणाऱ्या विकराला मदत करते. गाल ताठ होतो, तिखट सोसत नाही, तोंड उघडत नाही. मुंबईच्या डॉ. सत्यवती सिरसाट व डेन्मार्कचे डॉ. पिंडबोर्ग यांनी १९६६ साली या रोगावरील महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. यातील काही रुग्णांना पुढे कर्करोग होतो. पेशी बिघडविण्याचे काम तंबाखू व सुपारीतील घातक द्रव्ये करतात. ताठ ऊती बिघडलेल्या पेशीला साथ देते.

महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. परंतु तंबाखू नसलेली नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केले. आम्हीही बारा वर्षे सुपारी चघळली. एके दिवशी भाकरीचा घास तोंडात जाईना, तेव्हा डोळे उघडले. सवय सुटली, तोंड मात्र पूर्वीसारखे उघडत नाही.

म्हणून आजच आरशासमोर उभे राहा. आपली तीन बोटे उभी धरून तोंडात बसतात का, ते पाहा. बसत नसतील तर सुपारी त्याच क्षणी सोडा व दंतवैद्याला दाखवा. घरातील इतरांचीही अशीच तपासणी करा.