चला, 'यक्षांची देणगी' मिळून वाचू या



येत्या शनिवारपासून सकाळच्या शाळेत शेवटच्या तासाला पाचवी ते सातवीच्या मुलांनी एक पुस्तक मिळून वाचायचे ठरले आहे. पुस्तकाचे नाव 'यक्षांची देणगी', लेखक डॉ. जयंत नारळीकर. पुस्तक १९७९ साली निघाले. आपल्याजवळ प्रत एकच आहे, म्हणून मिळून वाचायचे.

आधी लेखकाची ओळख. नारळीकरांचा जन्म १९३८ साली कोल्हापूरला झाला. ते आकाशातील ताऱ्यांचा आणि विश्वाच्या जन्माचा अभ्यास करणारे मोठे शास्त्रज्ञ. पुण्यात गणेशखिंडीला विद्यापीठाच्या आवारात 'आयुका' ही संस्था आहे ना, ती १९८८ साली त्यांनीच उभी केली. २० मे २०२५ रोजी पुण्यातच त्यांचे निधन झाले.

शास्त्रज्ञ माणूस गोष्टी लिहायला कसा लागला, त्याचीही गंमत आहे. अहमदाबादला एक व्याख्यान चालले होते आणि ते भलतेच कंटाळवाणे होते. नारळीकरांनी तिथेच कागद पुढे ओढून गोष्ट लिहायला घेतली. (तुम्ही माझ्या तासाला असे करायचे नाही, बरं का!) मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानकथेची स्पर्धा होती. साल १९७४. आपले नाव पाहून कोणी बक्षीस देऊ नये म्हणून त्यांनी टोपणनाव घेतले, 'नारायण विनायक जगताप'. जयंत विष्णू नारळीकर या नावाची आद्याक्षरे उलटी करून पाहा म्हणजे कळेल. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हाताने लिहून घेतली. त्या 'कृष्णविवर' कथेला पहिला नंबर मिळाला.

आता एक कबुली. मागे एकदा मी असेच सामुदायिक वाचन सुरू केले होते आणि ते तीन आठवड्यांत बंद पडले. भराभर वाचणारी दोन मुलेच वाचत होती, बाकीची भिंतीला टेकून जांभया देत होती. त्यातून एकाने शेवट आधीच फोडला. पण खरी चूक माझी. एका मुलाने मधेच विचारले, "बाई, हे खरंच झालंय का?" मी म्हणाले, "गोष्ट आहे रे, गप ऐक." तो गप्प बसला, तो कायमचाच. पुढे त्याने एकही प्रश्न विचारला नाही. विज्ञानकथेत तोच तर पहिला प्रश्न! म्हणून यंदा तो प्रश्न आपण वहीतच मांडणार आहोत.

पानावर उभ्या दोन रेघा मारून तीन रकाने करा. पहिला 'खरे', दुसरा 'कल्पना', तिसरा 'माहीत नाही'. 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा घ्या. १४ जानेवारी १७६१ रोजी, ऐन संक्रांतीच्या सुमारास, पानिपतावर मराठे आणि अब्दाली यांची लढाई झाली. विश्वासरावांना गोळी लागली आणि ते पडले. हे सारे पहिल्या रकान्यात. ती गोळी चुकली असती तर? हा झाला दुसरा रकाना, आणि कथा तिथूनच चालू लागते. शनिवारवाडा पाहिलेल्या मुलांना ही कथा विशेष आवडेल, असे मला वाटते.

'कृष्णविवर'चेही तसेच. ज्याच्या ओढीतून प्रकाशसुद्धा बाहेर पडू शकत नाही ते कृष्णविवर, हे शास्त्र आहे. त्याच्या जवळ वेळ हळू चालतो, हेही शास्त्रच. आपली पृथ्वी दाबून दाबून खेळायच्या गोटीएवढी केली तर तिचे कृष्णविवर होईल. कोण दाबणार, ते विचारू नका! २०१९ साली एका दूरच्या कृष्णविवराचे चित्रही शास्त्रज्ञांनी मिळवले. कथा लिहिली तेव्हा ते कोणी पाहिले नव्हते.

तिसरा रकाना रिकामा ठेवणाऱ्याला मी शाबासकी देणार नाही. नारळीकर मुलांना नुसती सही देत नसत. म्हणत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही करीन. आता त्यांना कार्ड घालता येणार नाही. आपले 'माहीत नाही' आपणच शोधू, आणि अडले तर आयुकात जाऊन विचारू.

सुरुवात 'उजव्या सोंडेचा गणपती' या कथेने करायची. पुस्तकातला क्रम मी मुद्दामच मोडते आहे, कारण या कथेतले शास्त्र हाताने करून पाहता येते. वह्यांना घालतो ते पारदर्शक प्लॅस्टिक घ्या. चार बोटे रुंद आणि हातभर लांब पट्टी कापा. मध्यावर डाव्या सोंडेचा गणपती काढा. त्याचे डोके पट्टीच्या लांबीच्या दिशेला हवे, काठाकडे नको. पट्टीचे एक टोक अर्धा पीळ देऊन दुसऱ्या टोकाला चिकटपट्टीने जोडा. मोबियस नावाच्या जर्मन गणितज्ञाच्या नावाने ही पट्टी ओळखतात. आता प्लॅस्टिकच्या लहान तुकड्यावर तसाच गणपती काढून पहिल्यावर बरोबर जुळवून ठेवा आणि न उचलता, न उलटवता पट्टीवरून सरकवत एक फेरी पुरी करा. तुकडा आता चित्राच्या मागच्या बाजूला आलेला असेल. आरपार बघा. सोंड कुठल्या बाजूला?

मी घरी तीनदा करून पाहिले. पहिल्या खेपेला डोके काठाकडे काढले होते, तर बाप्पा खाली डोके वर पाय! तुमच्या हातून तसे होऊ नये म्हणून वर सांगितले.

वाचायचे कसे? प्रत्येकाने एक परिच्छेद वाचायचा. ज्याला जोडाक्षरे अडतात त्याने दोन ओळी वाचल्या तरी चालेल, पण वाचायच्याच. कोणी हसायचे नाही. अडलेला शब्द सातवीच्या मुली फळ्यावर लिहितील. ऐन रंगात आल्यावर मी पुस्तक मिटीन आणि पुढे काय होईल ते प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहून द्यायचे. चिठ्ठ्या खडूच्या डब्यात राहतील, पुढच्या शनिवारी उघडू. पुस्तक कपाटात, किल्ली माझ्याकडे. त्यामुळे शेवट फोडायची सोय नाही.

शनिवारी येताना प्लॅस्टिक, कात्री आणि काचेवर उमटेल असे पेन आणा. चिकटपट्टी शाळेत आहे.