करारापासून घटनेपर्यंत : वऱ्हाडच्या इतिहासातून एक अभ्यासपाठ

दिलेला शब्द पाळणे हा ईमानाचा भाग आहे. सूरह अल-माइदाच्या पहिल्याच आयतीत ईमानधारकांना करारपूर्तीचा आदेश आहे. सूरह बनी इस्राईलमध्ये (१७:३४) वचनाबद्दल जाब विचारला जाईल असे बजावले आहे. सूरह अल-बकरामध्ये (२:२८२) देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची व साक्षीदार नेमण्याची शिकवण आहे. या आदेशांचा विचार आपण बहुधा व्यापार, निकाह आणि कर्ज यांपुरताच करतो. परंतु राज्यकारभारही करारांवरच उभा असतो. त्या करारांशी आपले नाते काय, हे बुलढाणा जिल्ह्याच्या इतिहासातून समजून घेण्याचा या पाठाचा हेतू आहे.

भूमी एक, धनी अनेक

सिंदखेड राजा तालुक्यातील साखरखेर्डा गावाजवळ ऑक्टोबर १७२४ मध्ये एक निर्णायक लढाई झाली. तीत निजामुल्मुल्कने मुबारिझखानाचा पराभव केला आणि दख्खनमध्ये आसफजाही सत्तेचा पाया घातला गेला. म्हणजे हैदराबाद संस्थानाचा जन्मच एका अर्थी आपल्या जिल्ह्यात झाला.

पुढे निजामाच्या राज्यात इंग्रज कंपनीच्या ताब्यातील फौज ठेवण्यात आली आणि तिच्या खर्चाची थकबाकी वाढत गेली. ती वसूल व्हावी म्हणून १८५३ च्या तहाने वऱ्हाड कंपनीच्या कारभाराखाली देण्यात आले. सार्वभौमत्व निजामाचे, कारभार इंग्रजांचा आणि उरलेला वसूल हिशेबासह निजामाला परत, अशी ती व्यवस्था होती. १८६० मध्ये नवा तह झाला. सुमारे ५० लाख रुपयांचे कर्ज रद्द झाले, पण वार्षिक हिशेब मागण्याचा हक्कही निजामाने सोडला. ५ नोव्हेंबर १९०२ रोजी लॉर्ड कर्झन आणि मीर महबूब अली खान यांच्या काळात वऱ्हाड वार्षिक २५ लाख रुपये खंडाने कायमच्या पट्ट्यावर गेले. दुसऱ्याच वर्षी ते मध्य प्रांताच्या कारभाराला जोडण्यात आले.

हिशेबासाठी दिलेली अमानत पन्नास वर्षांत कायमचा पट्टा कशी झाली, याकडे वाचकांनी लक्ष द्यावे. प्रत्येक पायरीवर लेखी करार होता. पण एक पक्ष बलवान आणि दुसरा अडचणीत होता. लिखाण असले म्हणजे न्याय झालाच, असे नाही.

प्रजेचे स्थान

या तहांमधून आणखी एक गोष्ट दिसते. मेहकरचा शेतकरी, मलकापूरचा कापूस व्यापारी, खामगावचा कारागीर यांना कोणीही विचारले नाही. कायद्याच्या दृष्टीने ते निजामाची प्रजा, व्यवहारात इंग्रजांचे करदाते. १९१९ च्या सुधारणांनंतर वऱ्हाडचे लोक प्रतिनिधी निवडत. परंतु वऱ्हाड हा ब्रिटिश मुलूख नसल्यामुळे त्या निवडलेल्यांना गव्हर्नर औपचारिकपणे नामनियुक्त करी, तेव्हा कुठे ते कायदेमंडळात बसत.

१९२३ मध्ये मीर उस्मान अली खान यांनी वऱ्हाड परत मागितले. त्या वेळी त्यांनी वऱ्हाडच्या जनतेला जबाबदार राज्यपद्धतीची घटना देऊ केली होती. अंतर्गत कारभारावर लोकांचे नियंत्रण असेल, असे त्यांचे म्हणणे होते. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी १९२६ मध्ये ही मागणी फेटाळली. कोणत्याही संस्थानिकाला ब्रिटिश सरकारशी बरोबरीच्या नात्याने वाटाघाट करता येणार नाही, असे उत्तर देण्यात आले. ती घटना कागदावरच राहिली. १९३५ च्या कायद्याने निजामाचे सार्वभौमत्व मान्य ठेवून 'मध्य प्रांत व वऱ्हाड' हा एकच प्रांत केला, आणि १९३६ च्या करारानंतर निजामाच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली.

राज्यकर्ता आपल्या धर्माचा होता म्हणून त्याची बाजू आपोआप न्यायाची ठरत नाही, आणि दुसरा परका होता म्हणून त्याचे सर्वच काम अन्यायाचे ठरत नाही. आप्तस्वकीयांविरुद्ध जावे लागले तरी न्यायावर ठाम राहा, ही सूरह अन्-निसाची (४:१३५) शिकवण इतिहास वाचतानाही लागू आहे.

घटनेतील तरतूद

१९५० मध्ये भारताची राज्यघटना अंमलात आली आणि बुलढाण्याचा रहिवासी पट्ट्यावरील मुलखाचा करदाता न राहता समान नागरिक झाला. महाराष्ट्राची वेगळी घटना नाही. राज्यपाल, मंत्रिमंडळ, विधिमंडळ व उच्च न्यायालय यांची रचना भारतीय घटनेच्या सहाव्या भागात आहे.

भाषावार राज्ये होताना वऱ्हाडचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात मराठी प्रदेशांतील नेत्यांनी विदर्भाला काही आश्वासने दिली. त्यांत दरवर्षी विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन नागपुरात भरवण्याचे आश्वासन होते. न्यायमूर्ती फजल अली यांच्या अध्यक्षतेखालील राज्य पुनर्रचना आयोगाने स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली. ती स्वीकारली गेली नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला.

आश्वासनाला घटनात्मक आधार मिळाला तो कलम ३७१(२) मुळे. या कलमानुसार राष्ट्रपती राज्यपालांवर विशेष जबाबदारी सोपवू शकतात. विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांसाठी स्वतंत्र विकास मंडळे नेमणे, त्यांचा अहवाल दरवर्षी विधानसभेसमोर ठेवणे, विकासनिधीचे समन्यायी वाटप करणे, आणि तांत्रिक शिक्षण, व्यवसाय प्रशिक्षण व सरकारी नोकऱ्यांत पुरेशी संधी देणे, अशी तिची रूपरेषा आहे. मंडळे मात्र १९९४ मध्येच स्थापन झाली आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. कलम घटनेत आजही कायम आहे.

मदीना आणि हुदैबिया

प्रेषित मुहम्मद (स.) मदीनेत आले, तेव्हा मुहाजिर, अन्सार आणि यहुदी कबिले यांचा एक लेखी करार झाला. हैदराबादेत जन्मलेले विद्वान डॉ. मुहम्मद हमीदुल्लाह यांनी या मीसाक-ए-मदीनाला जगातील पहिली लिखित राज्यघटना म्हटले आहे. तीत प्रत्येक गटाची नावे नोंदवली आहेत, त्यांची कर्तव्ये सांगितली आहेत आणि यहुदींचा धर्म त्यांच्यासाठी राखून ठेवला आहे. वऱ्हाडच्या तहांत हेच उणे होते : तेथे लोकांचे नावच नव्हते.

दुसरा धडा हुदैबियाचा आहे. इसवी सन ६२८ मध्ये तह लिहिला जात असतानाच ह. अबू जंदल (रजि.) बेड्यांसह आश्रयाला आले. मक्केहून येणाऱ्याला परत करण्याचे कलम ठरलेले होते. सहाबींची मने हेलावली, तरी प्रेषितांनी (स.) त्यांना धीर देऊन शब्द पाळला. जड जाणारा करारही पाळायचा, ही ती शिकवण.

आपल्यासाठी बोध

राज्यघटना हा आपला आणि आपल्या शेजाऱ्यांचा सामाईक करार आहे. त्याची दोन अंगे आहेत. कायदा पाळणे, कर चुकवू नये, सार्वजनिक मालमत्ता अमानत मानणे हे आपल्याकडून. हिशेब, समन्याय आणि कलम २५ ते ३० मधील धर्म, संस्कृती व शिक्षणाचे हक्क हे राज्याकडून. १८६० मध्ये हिशेब मागण्याचा हक्क सुटला आणि पुढे मुलूखच हातचा गेला. हिशेब मागणे म्हणजे बंडखोरी नव्हे. तो कराराचाच भाग आहे. मात्र मागणाऱ्याने आधी करार वाचलेला असावा.

घरातील मुलांना कुरआनच्या तालमीबरोबर घटनेची ही कलमेही समजावून द्यावीत. वचन पाळणारा आणि वचनाची आठवण करून देणारा, असे दोन्ही गुण असलेला माणूस समाजाला हवा आहे.

उजळणीसाठी प्रश्न

१. १८५३, १८६० आणि १९०२ या तीन करारांत वऱ्हाडची स्थिती कशी बदलत गेली?
२. कलम ३७१(२) मधील चार बाबी कोणत्या?
३. मीसाक-ए-मदीना आणि वऱ्हाडचे तह यांत लोकांच्या स्थानाबाबत कोणता फरक दिसतो?
४. हुदैबियाच्या प्रसंगातून नागरिक म्हणून आपण काय शिकतो? घरात चर्चा करा.