संगणकाचे ध्वनिसंकेत

मडके विकत घेताना ते बोटाने वाजवून पाहण्याची रीत आहे. डोळ्यांना न दिसणारी चीर कानाला कळते. नळाखालची घागर भरत आली की पाण्याचा स्वर चढत जातो आणि पाठमोऱ्या माणसालाही ते उमगते. ध्वनी हा अशा रीतीने माहितीचा वाहक असतो. संगणकाच्या रचनेत मात्र दीर्घकाळ त्याच्याकडे मुख्यतः इशारा देण्याचेच काम होते.

विल्यम गॅव्हर यांनी अ‍ॅपल संगणकासाठी रचलेल्या ‘सोनिकफाइंडर’ या आज्ञावलीचे वर्णन १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत फाइल निवडली की लाकडावर टिचकी मारल्यासारखा आवाज येई. फाइल मोठी असल्यास तो खर्जातला असे. फाइलची प्रत निघत असताना भांड्यात पाणी ओतल्याचा ध्वनी ऐकू येई व काम पुरे होत जाईल तशी त्याची तारता वाढे. हा अर्थ वेगळा शिकावा लागत नसे; तो नित्याच्या अनुभवातच होता. त्याच वर्षी मीरा ब्लॅटनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरा मार्ग मांडला : लहान स्वरमालिकांना ठराविक अर्थ द्यावयाचा. असे संकेत, म्हणजेच ‘इअरकॉन’, लक्षात ठेवावे लागतात. परंतु ज्या क्रियेला स्वतःचा आवाजच नाही, तिच्यासाठीही ते योजता येतात.

शस्त्रक्रियागृहातील पल्स ऑक्सिमीटर तिसरी रीत दाखवतो. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला नाद उमटतो आणि रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण घटू लागताच तो खाली उतरतो. भूलतज्ज्ञाची नजर रुग्णावर खिळलेली असली, तरी धोका त्याला तत्क्षणी कळतो. २००६ मध्ये सुरू झालेली ‘एनव्हीडीए’ ही विनामूल्य आज्ञावली दृष्टिहीनांना पडद्यावरील मजकूर वाचून दाखवते. एखादे काम कितपत झाले, हे ती चढत्या स्वरांनी सुचवू शकते. त्यासाठी वाचन थांबवावे लागत नाही.

तथापि, डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. अतिदक्षता विभागात अनेक यंत्रे वारंवार निष्कारण वाजू लागली, की परिचारिकांचे कान त्या आवाजाला सरावतात आणि खरा इशाराही दुर्लक्षिला जाण्याची भीती उत्पन्न होते. शिवाय ज्यांना ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी तीच माहिती पडद्यावरही असावी लागते. म्हणून ध्वनी योजणाऱ्याने प्रथम हे ठरविले पाहिजे, की यंत्राने कोठे बोलावे आणि कोठे मौन पाळावे.