मोटारीचे अस्तर

कोटाला जसे अस्तर असते तसे मोटारीलाही असते. बाहेरून दिसतो तो तिचा पोलादी पत्र्याचा देह. आत बसणाऱ्यास मात्र उघडा पत्रा क्वचितच दृष्टीस पडतो. दारांची आतील बाजू, डोक्यावरील छत, समोरच्या काचेच्या दोन्ही अंगांचे खांब, पायांशी असलेला उंबरठा, ही सर्व स्थळे प्लॅस्टिकच्या वा कापडाच्या आवरणांनी झाकलेली असतात. या आवरणांस आमच्याकडील गॅरेजांतून 'पॅनेल' असे म्हणतात. पत्रा आणि पॅनेल यांच्यामधील अरुंद पोकळीत मोटारीचा सारा गुप्त संसार नांदत असतो : विजेच्या तारा, स्पीकर, काचा वर-खाली करणारी यंत्रणा आणि अपघातप्रसंगी प्राण वाचविणाऱ्या हवेच्या पिशव्या, म्हणजेच 'एअरबॅग'.

अलीकडे रस्त्याचे चित्रण करणारा लहानसा कॅमेरा, अर्थात 'डॅशकॅम', मोटारीत बसविण्याची प्रथा वाढली आहे. कोणास जुने स्पीकर बदलावयाचे असतात, कोणास मागील रस्ता दाखविणारा कॅमेरा हवा असतो. ही उपकरणे बसवावयाची म्हणजे पॅनेल काढणे आलेच. कारण तारा मोकळ्या लोंबत ठेवणे जितके कुरूप तितकेच धोक्याचेही असते. आमच्या वर्गातील विद्यार्थी अनेकदा विचारतात, "सर, हे काम घरी करता येईल काय?" आमचे उत्तर असे की, येईल, परंतु एका अटीवर. ती अट कोणती, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रथम थोडा इतिहास पाहू. मोटारीत रेडिओ बसविण्याचा प्रयत्न जुनाच आहे. १९३० साली अमेरिकेतील शिकागो येथील गॅल्विन कंपनीने 'मोटोरोला' या नावाचा मोटारीतील रेडिओ विक्रीस आणला. त्या काळी रेडिओ बसविणे म्हणजे एक मोठे दिव्यच असे. त्यासाठी डॅशबोर्ड उकलावा लागे आणि एरियलची तार पसरण्याकरिता छताचे अस्तरही उसवावे लागे. पुढे मापे ठरत गेली. आज पुष्कळ मोटारींत आढळणारी, १८० मिलिमीटर रुंद व ५० मिलिमीटर उंच दर्शनी भागाच्या रेडिओची चौकट ही जर्मन प्रमाण-मापावरून आली. पुढे त्याच रुंदीची, पण दुप्पट उंचीची चौकटही रूढ झाली. माप ठरल्यामुळे एका कारखान्याचा रेडिओ दुसऱ्या कारखान्याच्या मोटारीत बसू लागला. उपकरण बदलणे असे सुलभ झाले. तथापि त्याच्यापर्यंत हात पोहोचविण्याची विद्या मात्र आजही शिकावीच लागते.

आता पॅनेल पत्र्याला चिकटून राहते कसे, ते पाहू. त्याचे मुख्य साधन म्हणजे प्लॅस्टिकची क्लिप. काही क्लिपांचा आकार माशाच्या काट्यासारखा असतो. मध्ये एक कणा आणि दोन्ही अंगांना मागे झुकलेली पाती. बांगड्याचा काटा घशात सहज उतरतो, पण परत येताना अडतो, हे आम्हां गोमंतकीयांना वेगळे सांगावयास नको. क्लिपचेही तसेच आहे. पत्र्याच्या भोकात शिरताना तिची पाती मिटतात आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा उमलून घट्ट धरून राहतात. हा सारा स्थितिस्थापकतेचा, म्हणजे वाकून पुन्हा मूळ आकार धरण्याच्या गुणाचा खेळ आहे. परंतु या गुणालाही मर्यादा असते. वर्षानुवर्षे उन्हात तापलेले प्लॅस्टिक ठिसूळ होते, आणि गारठ्यात तर ते अधिकच कडक बनते. म्हणून जुन्या मोटारीचे पॅनेल काढावयाचे तर ते कोवळ्या उन्हात मोटार थोडी ऊबदार झाल्यावर काढावे, भल्या पहाटेच्या थंडीत काढू नये.

क्लिपांच्या जोडीला स्क्रू असतात, आणि ते बहुधा लपविलेले असतात. दाराच्या मुठीच्या खोबणीत, एखाद्या चिमुकल्या झाकणाखाली, आरशाजवळील त्रिकोणी तुकड्यामागे, अशी त्यांची बिळे ठरलेली असतात. येथे पहिला नियम लक्षात ठेवावा : आधी स्क्रू, मग क्लिपा. एखादे पॅनेल ओढूनही हलत नसेल, तर आपले बळ कमी पडते असे समजू नये. आपल्या नजरेतून एखादा स्क्रू सुटला आहे असे समजावे. हात थांबवावा आणि पुन्हा पाहावे. आपल्या मोटारीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत कोणता स्क्रू कोठे आहे याची आकृती असते. ती काम आरंभण्यापूर्वीच अभ्यासावी.

दुसरा नियम हत्याराविषयी आहे. लोखंडी पेचकस फटीत घालून पॅनेल उचकटणे हा राजमार्ग नव्हे. लोखंड प्लॅस्टिकहून कठीण असल्याने कड चेपते, रंग खरवडला जातो. याकरिता नायलॉनच्या चपट्या पट्ट्या मिळतात, त्या वापराव्यात. पट्टी शक्यतो क्लिपच्या अगदी जवळ सरकवावी. क्लिपपासून दूर जोर लावला तर पॅनेल वाकते आणि मध्येच तडकते. क्लिपजवळ सरळ दिशेने जोर लावला तर क्लिप 'टप्' असा आवाज करून सुटते. तरफेचा जो धडा आपण विज्ञानाच्या पुस्तकात वाचतो, त्याची याहून चांगली उजळणी दुसरी नाही.

तिसरा नियम : क्लिपा सुटल्या तरी पॅनेल झटक्याने ओढू नये. दाराच्या पॅनेलची वरची कड काचेच्या पट्टीवर अडकविलेली असते. ते वर उचलूनच बाहेर येते. शिवाय त्याच्या पाठीशी काचेच्या बटनांच्या तारा आणि कुलपाची दोरी जोडलेली असते. तारांचे कनेक्टर बोटाने खिटी दाबून सोडवावेत. तारेला धरून कधीही ओढू नये. प्रत्येक पायरीचे छायाचित्र घ्यावे आणि प्रत्येक जागेचे स्क्रू वेगवेगळ्या वाटीत ठेवावेत. दिसावयास सारखे असलेले स्क्रू लांबीने निराळे असू शकतात, आणि लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी गेला तर तो पलीकडच्या तारेत घुसण्याचा संभव असतो.

इतके लिहून झाल्यावर आमची स्वतःची फजिती लपवून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. एका श्रावणात सुटीच्या दिवशी आम्ही आमच्या जुन्या मोटारीच्या डाव्या दाराचा स्पीकर बदलावयास घेतला. पॅनेल काढताना घाईने तीन क्लिपा मोडल्या, त्याचे आम्हांस फारसे दुःख झाले नाही. आत पाहतो तो पत्र्यावर एक पातळ प्लॅस्टिकचा कागद चिकटविलेला. नव्या वस्तूंवर असते तसले हे वेष्टन कोणी तरी काढावयाचे विसरले असावे, असा तर्क करून आम्ही तो चाकूने टराटरा कापला आणि ओढून टाकला. स्पीकर बसला, गाणे सुरेल वाजू लागले, घरच्या मंडळींनी कौतुक केले.

चार दिवसांनी संततधार लागली. डाव्या बाजूच्या पायांखालचे पायपुसणे ओले झाले, मग सतरंजी भिजली, आणि मोटारीत कुबट वास भरला. छत गळते की काय म्हणून आम्ही छताकडे पाहत बसलो. शेवटी गावातील एका वृद्ध मेकॅनिकला दाखविले. त्याने काही न बोलता पॅनेल काढले, दाराच्या काचेवर बाहेरून तांब्याभर पाणी ओतले आणि आम्हांस आत पाहावयास सांगितले. काच आणि रबराच्या पट्टीमधून पाणी दाराच्या पोटात उतरत होते. तो म्हणाला, "मास्तर, दारात पाणी शिरतेच. खाली भोके ठेवलेली असतात, तेथून ते बाहेर जाते. तो कागद म्हणजे दाराची छत्री. तुम्ही छत्रीच फाडलीत."

तात्पर्य, ज्या वस्तूचे प्रयोजन आपणांस कळले नाही, ती निरुपयोगी आहे असे मानण्याचा आपणांस अधिकार नाही. तो कागद कडेच्या चिकट डिंकासह हळूच सोलून बाजूला करावयाचा आणि काम झाल्यावर कोठेही फट न ठेवता परत चिकटवावयाचा असतो.

ही फजिती सतरंजीवर निभावली. परंतु मोटारीच्या अस्तरामागे एक वस्तू अशी आहे की जिच्याबाबतीतील चूक प्राणांवर बेतू शकते. ती म्हणजे एअरबॅग. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासमोर एअरबॅग असणे सक्तीचे झाले. पुष्कळ मोटारींत ती आसनांच्या कडेला आणि छताच्या कडेलाही पडद्यासारखी घडी घालून ठेवलेली असते. या पडद्याचे टोक समोरच्या खांबाच्या पट्टीमागे येते. डॅशकॅमची तार नेमकी याच खांबावरून खाली आणावयाची असते! टक्कर होताच हा पडदा पापणी लवण्यापूर्वी फुगतो. त्याच्या वाटेत तार आडवी आली, तर तो नीट उघडणार नाही, किंवा तार व पट्टी प्रवाशाच्या अंगावर फेकली जाईल. म्हणून अशा मोटारीत तार एअरबॅगच्या पाठीमागून, मूळच्या तारांच्या सोबतीने न्यावी. तिच्या समोरून कधीही नेऊ नये.

एअरबॅगच्या तारा व कनेक्टर बहुतेक मोटारींत पिवळ्या रंगाचे असतात. पिवळा रंग दिसला की घरगुती कारागिराने हात मागे घ्यावा. तेथे काम करावयाचे ते प्रशिक्षित मेकॅनिकनेच. खांबाच्या पट्टीला हात लावण्यापूर्वी गाडीची किल्ली बंद करावी, बॅटरीचे ऋण टोक सोडावे आणि पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबावे. कारण बॅटरी सोडल्यावरही एअरबॅगच्या यंत्रणेत काही काळ वीज साठून राहते. हे थांबणे म्हणजे आळस नव्हे, तो कामाचाच भाग आहे.

आता विजेचा हिशेब. समजा, कॅमेऱ्यास ३ वॅट शक्ती लागते. मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची. ३ भागिले १२ म्हणजे पाव अँपिअर प्रवाह. हा आकडा क्षुल्लक वाटतो. परंतु ४० अँपिअर-तासांच्या बॅटरीवर हा कॅमेरा अहोरात्र चालू ठेवला, तर ८० तासांत, म्हणजे तीन दिवस आणि आठ तासांत, बॅटरी निम्मी रिकामी होईल. मे महिन्यात आठवडाभर गावी गेलेल्या कुटुंबाची मोटार परतल्यावर सुरू होत नाही, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते. यास्तव तार अशा फ्यूजवर जोडावी की जो किल्ली बंद करताच बंद होतो.

या नव्या तारेलाही तिचा स्वतःचा फ्यूज हवा, आणि तो वीज घेतली त्या जागेच्या शक्य तितका जवळ असावा. फ्यूज हा प्रामुख्याने तारेचा रक्षक होय. तार कोठे तरी घासून पत्र्याला टेकली, तर फ्यूज स्वतः जळून आग टाळतो. जळालेल्या फ्यूजच्या जागी चॉकलेटची चांदी गुंडाळणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. पहारेकऱ्याला झोपवून चोराला दार उघडून देण्याचाच हा प्रकार. तारेवर कापडी पट्टी गुंडाळावी, म्हणजे ती खडखडणार नाही. आणि ती पायाखालच्या ब्रेकपासून व सुकाणूच्या दांड्यापासून दूर बांधावी.

काम संपले असे केव्हा म्हणावे? उपकरण चालू झाले म्हणजे काम संपले, असे आम्हांस त्या श्रावणात वाटले होते. ते चूक होते. प्रत्येक क्लिप आपल्या भोकात बसली, एकही स्क्रू वाटीत उरला नाही, तांब्याभर पाणी ओतले तरी आत थेंब आला नाही, आणि किल्ली फिरविल्यावर एअरबॅगचा दिवा क्षणभर पेटून विझला, म्हणजे काम संपले. तो दिवा पेटलेलाच राहिला तर मोटार तडक जाणत्या मेकॅनिककडे न्यावी.

आमच्या घरच्या कोंकणीत 'सवकास' असा एक शब्द आहे. सावकाश हाच तो. पण वडीलधारी माणसे तो उच्चारतात तेव्हा त्यात मंदपणा नसतो, काळजी असते. लेखाच्या आरंभी जी अट म्हटली ती हीच, विद्यार्थी मित्रहो : जेवढे जसेच्या तसे मिटता येईल, तेवढेच उघडावे. आणि पहिल्या वेळी वडीलधाऱ्यांना शेजारी घेऊन, सवकास उघडावे.