टीव्ही बंद, मीटर चालू



टीव्ही किती वीज खातो असे विचारले की आपण पडद्याकडे बोट दाखवतो. आमचे म्हणणे, शेजारच्या सेट-टॉप बॉक्सकडेही पाहा. हिशेब सोपा आहे. वॉटला तासांनी गुणा, १००० ने भागा, की युनिट आले.

३२ इंची एलईडी टीव्ही साधारण ५० वॉट घेतो. रोज ४ तास पाहिला तर २०० वॉट-तास, म्हणजे महिन्याला ६ युनिट. आता बॉक्स. रिमोटने बंद केला तरी पुष्कळ बॉक्स आतून चालूच राहतात. असा बॉक्स १० वॉट घेत असेल, तर उरलेल्या २० तासांत तेवढेच २०० वॉट-तास जातात. पाहण्याला ६ युनिट, न पाहण्यालाही ६! मोटार चालू असताना पाणी दिसते, पण रात्रभर झिरपणारी पाइप कोणी बघत नाही, तशातली ही गत.

आपल्याकडे वीज तारेतून येते, म्हणून ही गळती बिलात दडते. बॅटरीवर ती लपत नाही. गडचिरोली जिल्ह्यातले भामरागड घ्या. पर्लकोटेच्या पुराने पावसाळ्यात त्या भागाची वाट अनेकदा बंद पडली आहे. तिथल्या एखाद्या घरात १२ व्होल्ट, ४० अँपिअर-तासाची सौर बॅटरी आहे असे धरू. तिच्यात ४८० वॉट-तास मावतात. बॅटरी टिकावी म्हणून निम्मेच वापरायचे, म्हणजे २४०. आपला १० वॉटचा बॉक्स दिवस-रात्रीत नेमके २४० खातो. मग ढगाळ दिवशी दिव्याला काय उरणार?

आमच्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः मोजा. घरातले सगळे, फ्रिजसुद्धा, अर्धा तास बंद करा. फक्त बॉक्स रिमोटने बंद करून ठेवा. मीटरवर एका युनिटला ३२०० इंपल्स असे लिहिले असेल आणि लाल दिवा अर्ध्या तासात १६ वेळा लुकलुकला, तर बॉक्स १० वॉट खातो.

असे वर्षाचे ७३ युनिट होतात. शिवाय घरगुती बिलात १०० युनिटांपुढे दर चढतो. ज्यांचे बिल त्या काठावर आहे, त्यांना महिन्याचे हे ६ युनिट जास्तच महाग पडतात.

तरी टीव्ही पाहून झाला की रिमोटवर न थांबता भिंतीवरचे बटण बंद करावे. नवा टीव्ही घेताना किमतीबरोबर वॉटही विचारावेत. बटणाचे काम घरातल्या पोरांकडे सोपवा. ती विसरणार नाहीत, उलट आपल्यालाच आठवण करून देतील.