‘शब्द’ आणि देह : ख्रिस्ती शब्दविचार व ‘ख्रिस्तपुराण’

ख्रिस्ती परंपरेत शब्दाचे सामर्थ्य हा केवळ वक्तृत्वाचा किंवा अलंकाराचा विषय नाही. सृष्टीच्या उत्पत्तीपासून मानवाच्या तारणापर्यंत पोहोचणारा तो तत्त्वविचार आहे. ‘उत्पत्ती’च्या पहिल्या अध्यायात ईश्वर बोलतो आणि प्रकाश होतो, तेथे उच्चार आणि निर्मिती यांत अंतर उरत नाही. हिब्रूतील ‘दाबार’ ही संज्ञा ‘वचन’ या अर्थाने येते, तशीच ‘वस्तू’ आणि ‘घटना’ या अर्थांनीही येते. योहानाच्या शुभवर्तमानातील ग्रीक ‘लोगॉस’मध्ये वचनाबरोबरच विवेक आणि विश्वाची सुसंगती यांचाही ध्वनी आहे. हा लोगॉस देहधारी झाला, हे योहानाचे प्रतिपादन ख्रिस्ती शब्दविचाराचा कणा होय.

मराठी बायबलने ‘लोगॉस’साठी ‘शब्द’ ही संज्ञा स्वीकारली. या भाषांतरात विवेकाचा अर्थ मागे पडला, हे मान्य करावयास हवे. परंतु त्याचबरोबर एक नवा अर्थही आत आला. ‘शब्द देणे’, ‘शब्द पाळणे’, ‘शब्दाला जागणे’ या मराठी वाक्प्रचारांत शब्द म्हणजे प्रतिज्ञा. ईश्वराने मानवाशी केलेला करार आणि त्याची पूर्तता ही बायबलची मध्यवर्ती कल्पना मराठी वाचकापर्यंत या एका पदातून सहज पोहोचते.

मात्र या पदाला मराठीत स्वतःची दीर्घ परंपरा आहे. ज्ञानेश्वरांच्या ‘अमृतानुभवा’तील एक संपूर्ण प्रकरण शब्दखंडनाचे आहे. शब्द स्मरण करून देतो, आरशासारखा उपकारक ठरतो, असा त्याचा गौरव करून अखेरीस स्वयंप्रकाश आत्मतत्त्वाला शब्दाची गरज नाही, असे ज्ञानेश्वर दाखवितात. येथे दोन्ही विचारांतील भेद स्पष्ट होतो. ज्ञानेश्वरांच्या मांडणीत शब्द आपले कार्य संपवून मावळतो. योहानाच्या मांडणीत तो मावळत नाही, तर इतिहासात उतरून मनुष्यांत वस्ती करतो. म्हणून ‘शब्द’ हे एकच पद वापरणाऱ्या मराठी ख्रिस्ती लेखकाला दोन परंपरांचे ऋण एकाच वेळी वागवावे लागते.

हे ऋण प्रथम मोठ्या प्रमाणावर पेलले ते फादर थॉमस स्टीफन्स यांनी. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत मुद्रित झाले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ पुराणाची संवादपद्धती स्वीकारतो आणि स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्दही निःसंकोच वापरतो. ही तडजोड मानणे सोपे आहे. पण देहधारणेच्या सिद्धान्ताच्या दृष्टीने पाहिले, तर ती त्या सिद्धान्ताचीच परिणती ठरते. ईश्वरी शब्द देह घेतो, तो विशिष्ट लोकांत आणि विशिष्ट भाषेत. मग गोमंतकात तो ओवीचा देह घेणार, हे ओघाने येते.

या विचाराच्या विरुद्ध टोकाला १६८४ चा पोर्तुगीज फतवा आहे. स्थानिक लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी, असा तो आदेश होता. शब्दाला ईश्वर मानणाऱ्या धर्माच्या नावाने चालणाऱ्या सत्तेने आपल्याच अनुयायांचे शब्द काढून घ्यावेत, यातील विसंगती मूलगामी आहे. तरीही ‘ख्रिस्तपुराण’ लुप्त झाले नाही. सतराव्या शतकातील मुद्रित प्रती आज उपलब्ध नसल्या, तरी हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे त्याची आवृत्ती सिद्ध केली आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत आणले.

याकोबाच्या पत्रात जिभेला घोड्याचा लगाम, तारवाचे सुकाणू आणि रान पेटविणारी ठिणगी यांच्या उपमा दिल्या आहेत. एकाच मुखातून आशीर्वाद आणि शाप निघावेत, याचा तेथे निषेध आहे. हा उपदेश सामान्यतः व्यक्तीच्या वाणीपुरता मर्यादित मानला जातो. गोमंतकाचा इतिहास त्याला संस्थात्मक परिमाण देतो. ज्या धर्मसत्तेच्या छायेत ओवीला पुराणाचा मान मिळाला, त्याच छायेत ओवीच्या भाषेवर बंदीही आली. शब्दाच्या सामर्थ्याचा ख्रिस्ती विचार म्हणूनच अंतिमतः उत्तरदायित्वाचा विचार ठरतो : जो शब्द दुसऱ्याच्या भाषेत देह धारण करावयास नकार देतो, तो सत्ता गाजवू शकेल, योहानाला अभिप्रेत असलेला शब्द तो नव्हे.