समुद्राकडे पाठ करून

ठाण्याच्या खाडीवर किंवा शिवडीच्या बंदरावर पक्षी बघायला निघणारा माणूस आधी भरती-ओहोटीचं कोष्टक उघडतो. मुंबईत भरती-ओहोटीतला फरक चार-साडेचार मीटरांपर्यंत जातो, त्यामुळे पाणी कधी चढतं आणि चिखल कधी उघडा पडतो यावर सगळा बेत अवलंबून. हीच सवय घेऊन कुणी डिसेंबरात भूमध्य समुद्राच्या काठी उतरला, तर त्याचं कोष्टक निरुपयोगी ठरतं. तिथे भरती-ओहोटीतला फरक जेमतेम वीतभर. मग कुठे पाणी आहे, कुठे चिखल आहे, हे ठरवतं कोण? थोडंफार वारा, आणि उरलेलं बहुतेक शेतकरी. म्हणून या किनाऱ्याच्या भातशेतीच्या टापूत हिवाळी पक्षिनिरीक्षणाला जाणाऱ्याने समुद्राकडे पाठ करावी आणि भाताच्या खाचरांकडे तोंड करावं, असं माझं म्हणणं आहे. पर्यटन-पुस्तिका नेमकं याच्या उलट सांगतात, कारण छायाचित्रात रोहित आणि निळा समुद्र एकत्र छान दिसतात.

उदाहरण म्हणून स्पेनमधल्या कातालोनियातला एब्रो नदीचा त्रिभुज प्रदेश घेऊ. बार्सिलोनाहून दक्षिणेला, साधारण ३२० चौरस किलोमीटरचा सपाट तुकडा, बाणाच्या टोकासारखा समुद्रात घुसलेला. १९८३ साली तिथे निसर्गोद्यान जाहीर झालं, पण उद्यानाच्या हद्दीत येतात ती मुख्यतः किनाऱ्यालगतची उथळ तळी, वाळूचे दांडे आणि बेटं. बाकी जमिनीवर भात, सुमारे वीस हजार हेक्टर. वर शेर्ता गावाजवळच्या बंधाऱ्यातून दोन मोठे कालवे निघतात, नदीच्या उजव्या आणि डाव्या अंगाला एकेक, आणि त्यांच्या पाटचाऱ्यांतून पाणी खाचराखाचरात पोचतं. पेरणी एप्रिल-मे महिन्यांत, कापणी सप्टेंबरात. कोकणातल्या वाचकाला पुढची गोष्ट उलटी वाटेल. आपल्याकडे चिखलणी लावणीच्या आधी होते आणि कापणीनंतर खाचरं सुकतात, त्यांत वाल-पावटा पेरतात. एब्रोत कापणीनंतर शेतात पुन्हा पाणी सोडतात आणि मग चिखलणी करतात: लोखंडी पिंजऱ्यासारखी चाकं लावलेला ट्रॅक्टर धसकटं चिखलात तुडवत जातो, म्हणजे पेंढा कुजून खत होतो. त्या चाकांमागे उसळणाऱ्या काळ्या गाळातून गोगलगाई, किडे आणि लाल अमेरिकन झिंगे वर येतात, आणि ट्रॅक्टरच्या मागे कुरव, गायबगळे आणि मोरशराटी यांची अशी गर्दी लोटते की चालकाच्या डोक्यावरही पंखच दिसतात. या झुंडीत दुर्बीण लावून उभं राहिलं की पाच-दहा मिनिटांत जे दिसतं, ते समुद्रकिनाऱ्यावर अख्खी सकाळ घालवून दिसत नाही.

यातूनच कधी जावं याचं उत्तर निघतं. ऑक्टोबरच्या मध्यापासून चिखलणीचा हंगाम, नोव्हेंबर-डिसेंबरात भरलेली खाचरं, आणि जानेवारीपासून शेतं कोरडी करायला सुरुवात. मग एप्रिलपर्यंत बरीच खाचरं सुकी. यावर जाणकार लगेच म्हणतील की पाणपक्ष्यांची आंतरराष्ट्रीय गणना तर जानेवारीच्या मध्यावर होते, १९६७ पासून होत आली आहे, मग खरा हंगाम जानेवारी नाही का? गणनेसाठी जानेवारी योग्यच आहे, कारण त्या सुमारास पक्षी फार हलत नाहीत आणि मोजदाद दुहेरी होत नाही. मोजणाऱ्याला स्थिर पक्षी हवेत. बघणाऱ्याला मात्र चरणारे पक्षी हवेत, आणि ते भरल्या खाचरांत असतात. जानेवारीत येऊच नये असं मी म्हणणार नाही. तेव्हा पाणी कमी खाचरांत उरतं म्हणून जिथे उरलंय तिथे पक्षी दाटतात. काळ्या शेपटीचे पाणटिवळे आणि टिटव्यांचे मोठे थवे अशा अर्धवट उतरलेल्या खाचरांत सापडतात, घोट्याएवढं पाणी आणि मधेमधे ढेकळं असलेल्या. फक्त मग कोणतं खाचर ओलं आहे ते गाडी हळू चालवत शोधावं लागतं. नकाशावर ते सापडणार नाही.

सगळ्यांत वजनदार आक्षेप वेगळा आहे. बदकांचं काय? हजारो बदकं तर लांकान्यिसादा आणि ला तांकादा या संरक्षित तळ्यांवरच दिसतात. खरं आहे, दिवसा दिसतात. पण दिसतात म्हणजे काय करताना? बहुतेक झोपलेली, चोच पाठीत खुपसून, नाहीतर पिसं साफ करताना. फ्रान्सच्या कामार्गमध्ये अनेक दशकं झालेल्या अभ्यासांतून हे नीट पुढे आलं आहे की हिवाळ्यात तलवार बदक, चक्रांग वगैरे बरीच बदकं दिवस संरक्षित तळ्यांवर काढतात आणि रात्री आसपासच्या दलदलीत व शेतांत चरायला जातात. तळं ही त्यांची झोपायची खोली, खाचर हे स्वयंपाकघर. याचा व्यवहारी अर्थ असा की तळ्यावरच्या लपणात सकाळी दोन तास पुरेत, पण संध्याकाळ तळं आणि शेतं यांच्या मधल्या रस्त्यावर राखून ठेवावी. डिसेंबरात इथे सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि साडेपाचला मावळतो. मावळल्यानंतरच्या पाऊण तासात बदकांच्या रांगा डोक्यावरून शेतांकडे जातात, मोरशराटी आणि बगळे उलट दिशेने रातथाऱ्याला येतात, दलदली भोवत्ये बोरूच्या बेटात उतरतात. आपला पक्षिनिरीक्षक भल्या पहाटे उठण्यात धन्यता मानतो. इथे पहाटेइतकीच, कदाचित जास्तच, किंमत तिन्हीसांजेला आहे.

बदकं दिवसा तळ्यावर का कोंडून घेतात, यामागे शिकारही आहे. एब्रोत बदकांची शिकार जुनी आहे. लांकान्यिसादाच्या काठचं ‘काझा दे फुस्ता’ हे लाकडी घर, जिथे आज उद्यानाचं माहिती केंद्र आहे, ते मुळात शिकाऱ्यांनी बांधलं. हंगाम ऑक्टोबर ते जानेवारी, म्हणजे नेमका आपला. शिकारीचे दिवस ठरलेले असतात. ते या केंद्रात किंवा देल्तेब्रेच्या केंद्रात विचारून घ्यावेत आणि त्या दिवशी त्या तळ्याकडे फिरकू नये, कारण पक्षी भेदरलेले असतात आणि छऱ्यांच्या वाटेत उभं राहण्यात शहाणपण नाही. छऱ्यांनी दुसरीही खोड केली आहे. शिशाचे छरे चिखलात पडतात, बदकं ते खडे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात. तलवार बदकांत हे फार दिसलं. स्पेनने संरक्षित पाणथळींत शिशाच्या छऱ्यांवर २००१ मध्ये बंदी घातली आणि युरोपीय संघाने सगळ्याच पाणथळींपुरती ती फेब्रुवारी २०२३ पासून लागू केली.

आता पायाखालच्या गोष्टी. बार्सिलोनाहून तोर्तोसाकडे जाणारी रेल्वे धरून लाल्देया-अंपोस्ता-तोर्तोसा स्थानकावर उतरता येतं, दोन-अडीच तासांत. तिथून तळी पंधरा-वीस किलोमीटरांवर, म्हणून गाडी भाड्याने घेणं बरं. सायकलही चालते, जमीन तव्यासारखी सपाट आहे, पण वाऱ्याचा अंदाज पाहूनच. नदीच्या खोऱ्यातून वायव्येकडून उतरणारा कोरडा वारा हिवाळ्यात दोन-तीन दिवस सलग झोडपतो. त्या दिवशी दुर्बिणीची तिवई स्थिर राहत नाही, बोरूतले लहान पक्षी वर येत नाहीत, आणि सायकल उलट्या दिशेने हाकणं म्हणजे शिक्षा. तरी असा दिवस वाया गेला असं समजू नये. उथळ तळ्याचं पाणी वारा पैलतीराकडे लोटतो आणि वायव्येच्या काठाला चिखल उघडा पडतो, भूमध्यातली ओहोटी म्हणायची तर हीच. गाडी वाऱ्याला आडवी लावावी आणि खिडकीतूनच बघावं. खाचरांचे बांध खाजगी आहेत, त्यांवर चढू नये. शिवाय गाडीतल्या माणसाला पक्षी फारसा भीत नाही, बांधावर चालणाऱ्याला शंभर मीटरांवरून उडतो. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेला खाली असतो, त्यामुळे पूर्व-पश्चिम जाणाऱ्या रस्त्यांवरून उत्तरेकडची खाचरं बघावीत, दक्षिणेकडची नुसती काळी सावली दिसते. पाटाच्या काठावरचं झुडूप, वाळक्या पाणकणसाचा पट्टा असल्या किरकोळ जागा ओलांडून जाऊ नका. निळ्या गळ्याचा शंकर, जो हिवाळ्यात उजनी-नांदूरमध्यमेश्वरलाही येतो, तो इथे नेमका अशाच जागी जमिनीवरून टुणटुण पळताना दिसतो.

राहिला प्रश्न कृत्रिमतेचा. भाताचं खाचर म्हणजे काही निसर्ग नव्हे, मग एवढ्या लांब शेतं बघायला का जायचं, असं विचारणारे भेटतील. पण इथला मूळ निसर्ग तरी किती मूळ? दीडशे वर्षांपूर्वी कालवे येईपर्यंत इथे खारट दलदल होती. ती भाताने खाल्ली, आणि तिची काही कामं आज भातच करतो. नदीने आणलेल्या गाळावर हा प्रदेश वाढला, तो गाळ मेकिनेन्सा आणि रिबा-रोजा या साठच्या दशकातल्या धरणांमागे अडकतो, त्यामुळे समुद्र आत येतो आहे. जानेवारी २०२० मधल्या ग्लोरिया वादळात समुद्राने त्राबुकादोरचा वाळूचा दांडा फोडला आणि हजारो हेक्टर भातशेतीत खारं पाणी घुसलं. किनाऱ्यालगतची पक्ष्यांची जागा अशी आक्रसत असताना मागची शेतं ओली असणं महत्त्वाचं. हा ओलावा मात्र शेतकऱ्याच्या मर्जीवर आणि युरोपीय अनुदानावर टिकून आहे, हे मान्य करायला हवं. दक्षिण अमेरिकेतली सफरचंदी गोगलगाय २००९ मध्ये नदीच्या डाव्या अंगाला सापडली. ती भाताची कोवळी रोपं फस्त करते, आणि तिला मारायचा एक उपाय म्हणजे हिवाळ्यात शेत सुकवणं. शेतकरी आपलं पीक वाचवतो, पक्ष्याचं ताट जातं. कोणाची बाजू घ्यावी हे सोपं नाही. जाणाऱ्याने एवढं करावं: आधी उजव्या अंगाला जावं. तिथल्या रिएत वेल या, ‘सेओ बर्डलाइफ’ या स्पॅनिश पक्षी-संस्थेच्या सेंद्रिय भातशेतीत बघायला लपणंही आहे.

हे गणित वालेन्सियाच्या अल्बुफेरालाही चालतं. तिथे नोव्हेंबरापासून दरवाजे टाकून खाचरं मुद्दाम बुडवतात. जिथे भात नाही तिथे ते चालणार नाही. सायप्रसमधलं लार्नाकाचं खारं तळं उन्हाळ्यात मिठाचा पांढरा थर असतं आणि हिवाळी पावसाने भरतं. रोहित येतात ते त्या पाण्यात वाढणाऱ्या कोळंबीसारख्या बारीक जीवांसाठी. तिथे निघण्याआधी शेतकऱ्याला विचारून उपयोग नाही, महिनाभरात पाऊस किती झाला ते बघावं, आणि डिसेंबर कोरडा गेला असेल तर तिकीट फेब्रुवारीचं काढावं.